मानेतली भिंत, मेंदूतला झटका

कंठमण्याच्या बाजूला, जबड्याच्या खाली दोन बोटे हलकेच टेकवली की एक ठोका लागतो. ही कॅरोटिड धमनी. उजवीकडे एक, डावीकडे एक. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडे जाते, दुसरी कवटीत शिरून डोळ्याला आणि मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागाला रक्त पुरवते. फाट्याच्या जरा खाली, धमनीच्या मागच्या भिंतीवर सोनोग्राफीची कांडी रोखली की पडद्यावर दोन उजळ रेषा दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक काळसर पट्टी. या दोन रेषांमधले अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची मिळून जाडी. ऐन विशीत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, साठीत पाऊण मिलिमीटरकडे किंवा त्याच्याही पुढे सरकते. पुढची पाने या एका अंतराविषयी आणि पक्षाघाताच्या निरनिराळ्या प्रकारांविषयी आहेत. त्या दोहोंचे नाते किती खरे आणि किती फुगवलेले, हे सांगणे हा या लिखाणाचा हेतू.

नरसी नामदेव आणि कयाधूच्या काठची गावे डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. संत नामदेवांचे हे जन्मगाव हिंगोलीपासून जवळच आहे. पण मानेच्या धमनीची डॉपलर तपासणी करायची तर बहुतेकांची पावले अजूनही नांदेडकडे वळतात आणि मोठे दुखणे असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादकडे. मग जे यंत्र गावात नाही त्याच्या मापाविषयी गावातल्या माणसाने का वाचावे? एक कारण साधे आहे. शहरातल्या ‘फुल बॉडी चेकअप’मधून कागद घेऊन येणारे लोक वाढले आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, आईवडिलांना घेऊन जातो, तपासण्या होतात आणि फायलीत एक ओळ येते: भिंतीची जाडी ०.९ मिलिमीटर. ती ओळ घरात महिनाभर धास्ती पसरवते. दुसरे कारण त्याहून मोठे. या जाडीची गोष्ट नीट समजली तर पक्षाघात कुठून येतो हे समजते, आणि तो रोखण्यासाठी त्या यंत्राची फारशी गरज का नाही, हेही समजते.

‘अंगावरून वारं गेलं’ असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात एकच आजार असतो. डॉक्टरही फार काळ असेच धरून चालत होते. मेंदूत बिघाड झाला म्हणजे कारणही मेंदूतच असणार, अशी समजूत होती. मॉन्ट्रिअलमधल्या मिलर फिशर या डॉक्टरांनी १९५१ साली ती मोडली. एका रुग्णाने त्यांना सांगितले की अंग लुळे पडण्याआधी काही काळ त्याची एका डोळ्याची दृष्टी मध्येच जात असे आणि परत येत असे. डोळा एका बाजूचा आणि लुळे पडलेले अंग दुसऱ्या बाजूचे. मेंदूचा डावा भाग अंगाची उजवी बाजू चालवतो, डोळ्याला मात्र त्याच बाजूच्या धमनीतून रक्त जाते. तेव्हा दोन्ही तक्रारींचा उगम डोळ्याच्या बाजूच्या मानेतच असला पाहिजे, हे फिशरनी ताडले. पुढे शवविच्छेदनात मानेतल्या फाट्याशी बुजलेल्या धमन्या सापडत गेल्या. मेंदूच्या आजाराचे मूळ मानेत असू शकते आणि मान तर बाहेरून हाताळता येते, हे कळताच शल्यविशारद सरसावले. १९५४ मध्ये लंडनमध्ये मानेतल्या धमनीचा बिघडलेला तुकडा काढून केलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली.

फिशर बुजलेल्या धमनीबद्दल बोलत होते. बुजण्याच्या कितीतरी आधी, दहा-वीस वर्षे, भिंतीत काय चालते ते जिवंत माणसात पाहायला त्यांच्याकडे साधन नव्हते. ते आले इटलीतून. पाओलो पिन्योली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले की सोनोग्राफीत दिसणारे त्या दोन रेषांमधले अंतर आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली आतल्या दोन थरांची जाडी एकमेकांशी जुळतात. सुई नाही, रंगद्रव्य नाही, क्ष-किरण नाहीत. रुग्ण पाठीवर पडून मान जरा वळवतो आणि दहा मिनिटांत माप मिळते. संशोधकांना हवे होते ते हेच. पुढच्या दोन दशकांत अमेरिका, हॉलंड, जर्मनी, जपान अशा देशांत हजारो निरोगी माणसांच्या माना मोजल्या गेल्या आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्यावर नजर ठेवली गेली. २००७ साली अशा आठ अभ्यासांचा एकत्र हिशेब निघाला. वय आणि लिंग यांचा फरक बाजूला काढल्यावर जाडी ०.१ मिलिमीटरने जास्त असेल तर पक्षाघाताचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी जास्त दिसला. बाकीचे धोकेही हिशेबात धरले की तो आकडा १३ टक्क्यांच्या आसपास उतरला.

इथे एका चुकीच्या चित्राचा निकाल लावला पाहिजे, कारण ते जवळजवळ प्रत्येक आरोग्यविषयक भाषणात येते. ठिबकच्या नळीत क्षार साचतात तशी धमनीत चरबी साचते आणि ती हळूहळू बंद होते, असे सांगितले जाते. ठिबकची नळी निर्जीव असते. तिच्यात जे बसते ते आतल्या पोकळीतच बसते. धमनी जिवंत असते. चरबी पोकळीत बसत नाही, भिंतीच्या पोटात शिरते, आणि भिंत फुगू लागली की धमनी बाहेरच्या बाजूला पसरून पोकळी राखते. शिकागोचे सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली हृदयाच्या धमन्यांमध्ये हे मोजून दाखवले: आतल्या क्षेत्राचा साधारण ४० टक्के भाग रोगाने व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होतच नाही. म्हणजे प्रवाह उत्तम चाललेला असतो, माणूस ठणठणीत असतो आणि भिंत मात्र आजारी असते. जाडी मोजण्याचे सगळे महत्त्व एवढ्यात आहे. प्रवाह जे सांगत नाही ते भिंत सांगते.

पण भिंत जाड होण्याची कारणे दोन आहेत आणि ती निराळी आहेत. मधला थर स्नायूंचा असतो. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की हा थर ताण सोसण्यासाठी जाड होतो. ही सगळीकडे सारखी पसरलेली जाडी म्हणजे दाबाची नोंद, चरबीची नव्हे. दुसरी जाडी एखाद्याच जागी येते. सर्वांत आतल्या थराखाली मेद, पेशींचा मलबा, कॅल्शियम साचून उंचवटा तयार होतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. मॅनहाइममध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार आजूबाजूच्या भिंतीपेक्षा निम्म्याने किंवा अर्ध्या मिलिमीटरने पोकळीत पुढे आलेला, अथवा दीड मिलिमीटरहून जाड असलेला उंचवटा म्हणजे प्लाक. पाऊण मिलिमीटरची सरळ एकसारखी भिंत आणि तेवढीच भिंत असून फाट्याशी एक खडबडीत उंचवटा, या दोन माणसांच्या रिपोर्टात सरासरीचा आकडा एकच येऊ शकतो. त्यांचे भविष्य एक नसते. रिपोर्टात निव्वळ आकडा छापून प्लाकबद्दल चकार शब्द न काढणारी केंद्रे मला तरी उपयोगाची वाटत नाहीत.

आता पक्षाघाताकडे. पहिली वाटणी प्रत्येकाला पाठ असावी: धमनी फुटून मेंदूत रक्त सांडणे हा एक प्रकार, आणि धमनी बंद होऊन मेंदूचा तुकडा रक्तावाचून मरणे हा दुसरा. तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळलेली. बाहेरून दोन्ही सारखेच. अनुभवी डॉक्टरही नुसते पाहून खात्रीने सांगू शकत नाही, त्याला सीटी स्कॅन लागतो. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत दीड लाखावर वस्तीच्या एका भागात घडलेल्या पहिल्या झटक्यांची नोंद ठेवली. ४५६ रुग्ण सापडले आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांमध्ये धमनी बंद झालेली होती. पंचविशीच्या पुढच्या लोकांत दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका येत होता. दलालांचे नाव या विषयात जुने आहे. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते की मेंदूच्या धमनीत अडकलेली गुठळी काही रुग्णांत आपोआप विरघळते, आणि पुन्हा काढलेल्या अँजिओग्राममध्ये ते दिसते. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा पक्षाघातातला उपयोग सिद्ध व्हायला त्यानंतर तीस वर्षे जावी लागली.

बंद होणाऱ्या धमनीची पुढची वाटणी १९९३ साली अमेरिकेत एका औषधाच्या चाचणीसाठी झाली. तिला ‘टोस्ट’ वर्गवारी म्हणतात आणि तिच्यात पाच कप्पे आहेत. पहिला मोठ्या धमनीचा: मानेतला किंवा कवटीतला प्लाक फाटतो, त्यावर गुठळी धरते, ती तिथेच वाट अडवते किंवा तिचा तुकडा सुटून पुढे जातो. या कप्प्याशी भिंतीच्या जाडीचे नाते सरळ आहे आणि त्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही.

दुसऱ्या कप्प्यावर मात्र थांबले पाहिजे. मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतून काटकोनात फुटतात. मोठ्या धमनीतला सगळा दाब त्यांच्या तोंडावर आदळतो, आणि वाटेत तो कमी करायला काहीही नसते. वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाने आणि साखरेने त्यांच्या भिंती सुजतात, काचेसारख्या कडक होतात आणि एक दिवस आतली वाट मिटते. मेंदूत वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान छिद्र पडते. जागा लहान, पण मोक्याची. हातापायाच्या सगळ्या तारा तिथून एकत्र उतरतात, म्हणून एवढ्याशा छिद्राने अर्धे अंग जाते. पुष्कळदा बोलणे, ओळखणे, समजणे शाबूत राहते. सकाळी उठून खाटेवरून पाय खाली टेकवायला जावे आणि पाय आपला नसावा, असे वर्णन ऐकले की या कप्प्याची शंका आधी घ्यावी. काही जणांत अशी छिद्रे एकामागून एक पडत राहतात; एकही झटका जाणवत नाही, पण म्हातारा हळूहळू पाय घासत चालू लागतो, विसरू लागतो, कारण नसता रडतो. घरचे म्हणतात, वय झाले.

या बारीक धमन्या मानेच्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. तरीही अशा रुग्णांच्या मानेतली भिंत सरासरीने जाड निघते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात २००० साली पक्षाघाताच्या ४७० रुग्णांची आणि जवळपास तितक्याच इतर लोकांची भिंत मोजली गेली. रुग्णांत सरासरी ०.८ मिलिमीटरच्या जरा अलीकडे, बाकीच्यांत ०.७३ च्या जरा पुढे. फरक एवढासा, पण तो जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या झटक्यात दिसला, नुसता मोठ्या धमनीच्या कप्प्यात नव्हे. याचा अर्थ मानेतल्या भिंतीने मेंदूतली बारीक धमनी बंद केली असा मुळीच नाही. ज्या दाबाने मानेतला स्नायूंचा थर जाड केला त्याच दाबाने वर बारीक धमन्याही बिघडवल्या. एकाच कारणाच्या या दोन खुणा आहेत. दोन खुणा एकत्र दिसल्या की एकीला दुसरीचे कारण ठरवायचा मोह होतो आणि जाहिरातदार तो मोह आवरत नाहीत.

तिसरा कप्पा हृदयाचा. हृदयाची लय बिघडली, किंवा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आखडली, की हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त साकळते, गुठळी होते आणि ठोक्याबरोबर वर फेकली जाते. आपल्याकडे झडपांचा हा आजार अजून संपलेला नाही. तिशी-पस्तिशीतली बाई, रक्तदाब नाही, साखर नाही, तंबाखू नाही आणि एका क्षणात वाचा गेली, अशी गोष्ट ऐकली की मानेकडे नव्हे, हृदयाकडे पाहावे. तिची कॅरोटिडची भिंत अगदी कोवळी, पातळ असू शकते. ‘धमनी नॉर्मल आहे’ हा रिपोर्ट तिच्या बाबतीत खरा आहे आणि निरुपयोगीही. म्हाताऱ्या माणसात लय बिघडून झटका येतो तेव्हा मात्र भिंत जाड सापडू शकते, कारण वय आणि रक्तदाब दोन्हीकडे हात घालतात. हृदयातल्या गुठळीने येणाऱ्या पक्षाघाताशी भिंतीचे नाते निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे दिसण्याचे हे एक कारण.

उरलेले दोन कप्पे म्हणजे विरळा कारणे आणि न सापडलेली कारणे. बाळंतिणीला डोके दुखून, फिट येऊन अंग लुळे पडते ते शिरेतल्या गुठळीने. तिथे धमनीचा संबंधच नाही आणि तिला वातविकार समजून घरी ठेवणे जिवावर बेतते.

आणखी एक गुंता खास आपल्याकडचा आहे. युरोपातल्या गोऱ्या लोकांमध्ये मोठ्या धमनीचा रोग बहुधा मानेत बसतो. आशियातल्या लोकांत तो कवटीच्या आतल्या धमन्यांत जास्त आढळतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधून डॉ. सुभाष कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींतही हे दिसले. मराठवाड्यातला रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या उपचाराला हैदराबादला जात आला आहे, तेव्हा या नोंदी आपल्याला परक्या नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा की मान स्वच्छ निघाली म्हणून मेंदूतली धमनी स्वच्छ आहे असे धरता येत नाही. युरोपात मोजलेल्या मानांवरून काढलेले धोक्याचे तक्ते हिंगोलीच्या माणसाला जसेच्या तसे लावणे मला धाडसाचे वाटते.

ग्रामीण महाराष्ट्राचे चित्र पाहायचे तर गडचिरोलीकडे जावे लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकांमधला प्रत्येक मृत्यू २०११ पासून दोन वर्षे नोंदवला. घरच्यांना बारकाईने विचारून कारण ठरवले. पक्षाघात सर्व कारणांत पहिला निघाला. दर सात मृत्यूंमागे एक. क्षय नाही, हिवताप नाही, हृदयविकारही नाही. आणि या माणसांपैकी बहुतेक सगळी घरीच गेली. हा आजार शहरातल्या सुखवस्तू लोकांचा, ही कल्पना त्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने कायमची निकालात काढायला हवी होती. जंगलपट्टीतला भातशेतकरी आणि कयाधूकाठचा हळद-सोयाबीनचा शेतकरी एक नव्हेत, हे मान्य. पण न मोजलेला रक्तदाब, तंबाखू, मीठ आणि इस्पितळाचे अंतर, या चार गोष्टी दोघांच्याही वाट्याला आल्या आहेत.

आता मोजण्याविषयी. हिंगोली जिल्ह्याला मोजमापाचा विषय नवा नाही. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका फरक टिपायचा आहे. ते जमते, कारण आजूबाजूचा प्रत्येक थरथराट आधी ओळखून बाजूला काढला जातो. कॅरोटिडच्या मापात नेमकी हीच शिस्त नसते. भिंत वर्षाला सरासरी ०.०१ मिलिमीटरने वाढते. साध्या सोनोग्राफीचा बारकावा ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा. कांडी जराशी तिरकी धरली, ठोक्याच्या वेगळ्या क्षणी चित्र थांबवले, फाट्याच्या जास्त जवळ मोजले, की दहा वर्षांच्या वाढीएवढा फरक एका दुपारी पडतो. म्हणून ‘मागच्या वर्षी ०.७८ होती, यंदा ०.८४ झाली’ या वाक्याला काही अर्थ नाही. २०१२ साली हजारो लोकांच्या पुन्हापुन्हा केलेल्या मोजण्यांचा हिशेब झाला तेव्हा जाडीतला बदल आणि पुढचे झटके यांचा मेळ लागला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या हिशेबात दिसले की वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान एवढे माहीत असेल तर जाडीच्या आकड्याने अंदाजात पडणारी भर नगण्य असते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१३ मध्ये सांगून टाकले की धोका ठरवण्यासाठी हे माप सरसकट घेऊ नये. संशोधकाच्या हातात हे माप अजूनही मोलाचे आहे. हजार माणसांची सरासरी हे बारकावे गिळून टाकते. एका माणसाच्या फायलीत ते दुबळे पडते. आपल्याकडच्या तपासणीच्या पॅकेजांतून मात्र ते अजून हललेले नाही.

भिंत जे वीस वर्षांनी सांगणार ते रक्तदाबाचा पट्टा आजच सांगतो. आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीला वारकऱ्यांची रीघ लागते. पंढरपूरला जाऊन आलेली, साठी-सत्तरी ओलांडलेली, पायांत बळ असलेली ही माणसे. त्यांच्यातल्या कुणाचा दंड पट्ट्यात घेतला आणि वरचा आकडा १७० निघाला, तर तो विश्वास ठेवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, एवढे चालून आलो, मग बीपी कसला? तर्क चुकीचा असला तरी अनुभवाला धरून आहे. चढलेला दाब दुखत नाही. दुसरा आक्षेप जास्त चिवट: गोळी एकदा सुरू केली की जन्माची लागते, तेव्हा सुरूच नको. खरे तर जन्माचा असतो तो दाब. अॅम्लोडिपिनसारखी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण पंधरा दिवसांची किंवा महिन्याची. हळदीच्या काढणीत आणि शिजवणीत माणसाला ती आणायला सवड नसते. मग चार दिवस खंड, पुढे महिनाभर खंड आणि मग ‘बरं वाटतंय’ म्हणून कायमची सुट्टी. वरचा आकडा दहाने उतरवला तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्श्याने उतरतो, हे लाखो रुग्णांवरच्या चाचण्यांतून ठरलेले आहे. जाडीच्या कोणत्याही आकड्याने आजवर कुणाचा धोका कमी केलेला नाही.

तंबाखूबद्दल एक खुलासा. बिडी-सिगारेटचा भिंतीवरचा परिणाम स्पष्ट मोजता येतो. चुना लावून खाल्लेल्या तंबाखूचा आणि बायकांच्या मिसरीचा परिणाम भिंतीच्या जाडीत तितका स्वच्छ उमटत नाही. त्यावरून त्या निर्धोक आहेत असा निष्कर्ष कुणी काढू नये. निकोटीन रक्तदाब चढवते आणि तोंडाचा कर्करोग सोनोग्राफीची वाट पाहत नाही.

मग मानेच्या डॉपलरची खरी जागा कुठे? ज्याला झटका येऊन गेला आहे त्याच्यापाशी. हात दहा मिनिटे लुळा पडला आणि परत चालू लागला, एका डोळ्यासमोर पडदा आला आणि उठला, शब्द अडखळले आणि संध्याकाळपर्यंत ठीक झाले. अशा माणसाला घरात ‘आता बरा आहे’ म्हणतात. पुढचे काही दिवस त्याच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे असतात. त्याची मान त्याच दिवशी, फार तर एक-दोन दिवसांत पाहिली पाहिजे, आणि तिथे शोधायचे ते पाव-अर्धा मिलिमीटर नव्हेत, तर पोकळी किती टक्के अरुंद झाली हे. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले की झटका येऊन गेलेल्या माणसात ही अरुंदता ७० टक्क्यांहून जास्त असेल तर शस्त्रक्रियेने पुढचा मोठा झटका बऱ्याच अंशी टळतो. आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत झाली तर फायदा सर्वांत जास्त. ज्याला काहीच झालेले नाही अशा माणसाची मान उगीच तपासू नये, असा अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांच्या समितीचा सल्ला आहे आणि तो मला पटतो.

मोठा झटका आला असेल तर घड्याळ महत्त्वाचे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेते. त्यामुळे १०८ ला फोन करताना ‘शेवटचे धडधाकट कधी पाहिले’ ती वेळ सांगता आली पाहिजे. कबुतराचे रक्त चोळणे, मांत्रिक, लकव्याच्या औषधाचे प्रसिद्ध गाव, हे सगळे या साडेचार तासांतून वजा होते. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजवर या भागातल्या रुग्णाचे तास रस्त्यातच संपत. सीटी स्कॅन, ते वाचणारा डॉक्टर आणि इंजेक्शन या तिन्ही गोष्टी चोवीस तास एका छताखाली मिळू लागल्या तर हिशेब बदलेल.

पुढच्या प्रकरणांत मापे मिलिमीटरमध्ये आणि रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दिला आहे. दोन्हींची गल्लत करू नये. रक्तस्रावाच्या झटक्याला एकच छोटे प्रकरण आहे, कारण त्याचा मानेतल्या भिंतीशी संबंध थोडा, रक्तदाबाशी मात्र पूर्ण. ज्यांच्या घरात आत्ताच कुणाला झटका येऊन गेला आहे त्यांनी भिंतीची सगळी प्रकरणे सोडून शेवटून दुसरे प्रकरण उघडावे. गिळताना ठसका लागतो का, हे पाहण्याची रीत तिथे दिली आहे, आणि ती रुग्णाला पाण्याचा पहिला घोट पाजण्याआधी वाचायची आहे.